पॉलिसी मोडताना

दागिना मोडायला नेला की सोनार घट धरतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. किती घट धरणार, हे ती आधी विचारून घेत असे आणि पटले नाही तर दुसऱ्या दुकानी जात असे. विम्याची पॉलिसी मोडताना मात्र घट किती बसणार, हे बहुतेकांना पैसे हातात पडेपर्यंत कळत नाही. ही घट आली कोठून आणि ती कमी व्हावी म्हणून कोण भांडले, याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याविषयी आज बोलायचे आहे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याचा. पवनी तालुक्यातले हे गाव, धानाच्या मुलखातले. आमच्याकडे पैसा येतो तो धान विकून चुकारा हाती पडतो तेव्हा. विम्याचा एजंटही नेमका त्याच सुमारास येतो, कारण मार्चअखेर त्यालाही आपले उद्दिष्ट पुरे करायचे असते. मार्चमध्ये पॉलिसी घेऊन हप्ता तिमाही ठेवला की पुढचा हप्ता येतो जूनमध्ये, म्हणजे बियाण्याच्या खर्चाच्या वेळी. त्यापुढचा सप्टेंबरात, जेव्हा रोवणीची मजुरी देऊन घर रिकामे झालेले असते आणि धान अजून बांधीत उभे असते. हप्ता चुकतो. आणखी एक चुकतो. पॉलिसी बंद पडते आणि माणूस कागद घेऊन कुणा शिकलेल्याच्या दारी येतो. मी शाळेत शिक्षक होतो, त्यामुळे असे बरेच कागद माझ्या ओसरीवर उलगडले गेले.

त्यातला एक लक्षात राहिला आहे. शेजारच्या एका भाऊंनी शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी घेतली होती. कंपनीचे नाव सांगत नाही. दोन वर्षे हप्ते भरले, तिसऱ्या वर्षी मुलीचे लग्न निघाले म्हणून मोडायला गेले. हिशेबाच्या कागदावर सुरुवातीचे शुल्क, व्यवस्थापनाचे शुल्क आणि वर सरेंडर चार्ज. भाऊ मला म्हणाले, "गुरुजी, पैसेबी माझेच अन् दंडबी मलाच?"

याच प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो. पैसे नेमके कोणाचे?

आयुर्विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे सारखाच असतो, पण मरणाची जोखीम वयाबरोबर वाढत जाते. म्हणजे तरुणपणी आपण जोखमीपेक्षा जास्त पैसे भरतो आणि ती जादा रक्कम म्हातारपणासाठी कंपनीजवळ साठत राहते. मध्येच पॉलिसी सोडली तर त्या साठ्याचे काय? एकोणिसाव्या शतकात कंपन्यांचे उत्तर बहुधा सरळ होते. हप्ता थांबला, करार संपला, साठा कंपनीचा.

१८४४ साली एलिझर राइट नावाचा अमेरिकन गृहस्थ लंडनला गेला. गणिताचा माजी प्राध्यापक, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला कार्यकर्ता. गेला होता ला फाँतेनच्या नीतिकथांचा आपण केलेला अनुवाद विकायला. तेथील रॉयल एक्स्चेंजमध्ये त्याने म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसींचा लिलाव पाहिला. हप्ते झेपत नाहीत आणि कंपनी योग्य मोबदला देत नाही, म्हणून लोक आपली पॉलिसी सटोडियाला विकत. पुढचे हप्ते सटोडिया भरी आणि विकणारा मेला की विम्याची रक्कम घेई. म्हातारा जितक्या लवकर जाईल तितका फायदा मोठा. राइटला हा प्रकार गुलामांच्या बाजाराची आठवण करून देणारा वाटला. पुढे तो मॅसॅच्युसेट्स राज्याचा विमा आयुक्त झाला आणि १८६१ साली त्याच्या खटपटीने तेथे कायदा आला. हप्ता थांबला तरी साठा जप्त करायचा नाही, त्यातल्या पाच भागांतील चार भागांतून विमा काही काळ पुढे चालू ठेवायचा. रोख परत देण्याचा कायदा व्हायला मात्र १८८० साल उजाडले. आज आपण ज्याला सरेंडर मूल्य म्हणतो, त्याचे मूळ येथे आहे. नीतिकथांच्या अनुवादकाने आकडेमोडीने कंपन्यांना नमवावे, याची मला नेहमीच मौज वाटते.

आपल्याकडे १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ ही पहिली कंपनी निघाली, ती मुख्यतः युरोपियनांसाठी. हिंदी माणसाचा विमा घेतलाच तर जादा दराने. मुंबईच्या बॉम्बे म्युच्युअलने १८७० नंतर ही रीत मोडली. स्वदेशीच्या काळात अनेक देशी कंपन्या निघाल्या. साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ स्थापन केली. पण पॉलिसी मोडली तर काय मिळेल, याची कायद्याने हमी मिळाली ती १९३८ च्या विमा कायद्यात. कलम ११३ ने सांगितले की सलग तीन वर्षे हप्ते भरलेल्या पॉलिसीला हमीचे सरेंडर मूल्य मिळालेच पाहिजे. हे मोठे पाऊल होते. पण उलट बाजूने वाचा. तीन वर्षांच्या आत सोडली तर काहीच न देण्याची मोकळीकही त्यातच राहिली.

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले, तेही रेडिओवरूनच. १५४ देशी विमा कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था मिळून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. मालक बदलले, बुडण्याची भीती गेली. घटीचे गणित मात्र फारसे बदलले नाही. नेहमीच्या पॉलिसीत हमीचे मूल्य म्हणजे पहिल्या वर्षाचा हप्ता वगळून उरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के. वर्षाला १० हजार याप्रमाणे तीन वर्षांत ३० हजार भरले असतील, तर हिशेब २० हजारांवर आणि हमी ६ हजारांची. जमा झालेल्या बोनसचा काही भाग वर मिळे आणि विशेष मूल्य जास्त निघाले तर ते दिले जाई. पण सुरुवातीच्या वर्षांत त्याने फार फरक पडत नसे. आमच्याकडे बोनस म्हटले की धानाचा बोनस डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा बोनस पॉलिसी टिकवली तरच पुरता मिळतो, हे समजावताना माझी तारांबळ उडे.

पहिल्या वर्षाचा हप्ता का वगळायचा? त्यातला मोठा भाग आधीच खर्च झालेला असतो. पहिल्या हप्त्यावर एजंटाला ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देण्यास कायद्याने मुभा होती. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच. शिवाय वैद्यकीय तपासणी, मुद्रांक, कागदपत्रे. कंपनीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे: अर्ध्यावर उतरणाऱ्याचा खर्च शेवटपर्यंत बसणाऱ्यांनी का सोसावा? पण एजंटाची सारी कमाई पहिल्याच वर्षात ठेवली की त्याचे लक्ष नव्या पॉलिसीकडे लागणार, जुनी टिकवण्याकडे नाही. काही एजंट तर पहिल्या हप्त्याचा भाग स्वतःच्या कमिशनमधून भरत. १९३८ च्या कायद्याचे कलम ४१ त्याला मनाई करते. गावात ते कलम कुणी वाचलेले नसे. फुकटात सुरू झालेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला जड होई.

खासगी कंपन्या २००० नंतर आल्या आणि बाजाराशी जोडलेल्या पॉलिसींचा सुकाळ झाला. शेजारच्या भाऊंची पॉलिसी त्याच काळातली. त्यावरून शेवटी दोन सरकारी नियामकांतच जुंपली. एप्रिल २०१० मध्ये सेबीने १४ कंपन्यांना अशा पॉलिसी विकण्यास बंदी केली, विमा नियामकाने ती मानू नका म्हटले आणि जूनमध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. पॉलिसीधारकाचा फायदा असा झाला की १ सप्टेंबर २०१० पासून सरेंडर चार्जला मर्यादा आली. वार्षिक हप्ता २५ हजारांपर्यंत असेल तर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३ हजार, पुढे कमी होत पाचव्या वर्षी शून्य. पैसे मात्र पाच वर्षे अडकलेले राहणार.

पारंपरिक पॉलिसींची पाळी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. डिसेंबर २०२३ मध्ये नियामकाने सरेंडर मूल्य वाढवण्याचा प्रस्ताव मांडला, कंपन्यांनी विरोध केला आणि मार्च २०२४ मध्ये तो बराचसा बाजूला पडला. पण जूनच्या परिपत्रकाने चित्र पालटले. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींना एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही विशेष सरेंडर मूल्य द्यावे लागते. पॉलिसी हाती आल्यावर ती न पटल्यास परत करण्याची मुदतही पंधराऐवजी तीस दिवसांची झाली. त्या मुदतीत परत केली तर तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च, तपासणी आणि मुद्रांक एवढेच कापले जाते.

त्याआधी घेतलेल्या पॉलिसींना मात्र त्या वेळच्या अटीच लागू आहेत. कोंढ्यात अजून कुणी पत्र्याच्या पेटीतला कागद घेऊन आले, की मी रकमेआधी पॉलिसी सुरू झाल्याची तारीख पाहतो. मग विचारतो, तीन वर्षांचे हप्ते पुरे झालेत का? झाले असतील तर पॉलिसी पेड-अप करून कमी रकमेची का होईना चालू ठेवता येते किंवा तिच्यावर कर्ज काढता येते. हे दोन रस्ते कागदावर छापलेले असतात, सरेंडरच्या अटीजवळच, त्याच बारीक अक्षरात.