नगरपालिकेचे ‘ते दिवस’ आणि आपण

‘जुने ते सोने’ ही म्हण चाळीसगावात नगरपालिकेचा विषय निघाला की हमखास ऐकू येते. पूर्वीचा ‘मेंबर’ दारात येऊन विचारपूस करी, त्याला गल्लीतले प्रत्येक घर ठाऊक असे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. या आठवणींत तथ्य आहे. परंतु इतिहास त्याहून अधिक काही सांगतो.

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला व १८८४ साली मुंबई इलाख्यात त्यानुसार कायदा झाला. मात्र मताचा अधिकार कोणास होता? कर भरणारे, मालमत्ता असणारे, ठराविक शिक्षण झालेले, एवढ्यांनाच. भाड्याच्या खोलीतला हमाल, मजूर, विणकर यादीबाहेरच राहिला. सर्व प्रौढांना मत मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. तेव्हा ‘ते दिवस’ सर्वांचे नव्हते, हे विसरून चालणार नाही.

तरीही त्या काळापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. तो वापरणाऱ्या मोजक्या नगरपालिकांत आपल्या शेजारचे धुळे होते. उत्पन्न तुटपुंजे असताना मुलांच्या शाळेसाठी पदरचा पैसा खर्च करण्याचे धैर्य त्या सभासदांनी दाखविले. खरे सोने ते हे!

पुढे परिस्थिती पालटली. २०११ च्या जनगणनेत चाळीसगावची लोकसंख्या सुमारे ९७ हजार होती; एवढ्या वस्तीत प्रत्येक घर ओळखणे कोणास शक्य आहे? १९९९ साली राज्यातील नगरपालिकांची जकात बंद झाली. हक्काचे उत्पन्न गेले आणि शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे आले. दुसरीकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेला पाच वर्षांची मुदत व स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. तरीही राज्यातील अनेक नगरपालिकांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली असता निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली वर्षे प्रशासकांची गेली. लोकांनी निवडलेला सभासद नसला, तर तुंबलेल्या गटाराची किंवा गळक्या शाळेची तक्रार कोणाच्या दारी न्यावी, हे त्या काळात सर्वांना कळले.

पालकहो, केवळ हळहळून गेलेले दिवस परत येत नाहीत. मुलांना वॉर्ड म्हणजे काय, अंदाजपत्रक म्हणजे काय, हे घरी सांगा. आपल्या भागातील शाळेसाठी किती रक्कम ठेवली, ते विचारा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्क दिला आहे. विद्यार्थी मित्रहो, अठरा वर्षे पूर्ण होताच मतदार यादीत नाव नोंदवा. आपल्या पणजोबांपैकी कित्येकांना जे मत मिळाले नाही, ते आज आपल्या हाती आहे. त्याचे चीज करणे, हीच जुन्या पिढीची खरी आठवण ठरेल.