निवासी वैद्यकीय प्रशिक्षण, वऱ्हाडातील

एमबीबीएस झालेला डॉक्टर एमडी किंवा एमएससाठी तीन वर्षे रुग्णालयात राहून, वॉर्ड आणि रात्रपाळ्या सांभाळत शिकतो. तो निवासी डॉक्टर. हे शिक्षण जिल्ह्यातच मिळावे आणि शिकलेला तज्ज्ञ तिथेच राहावा, यासाठी अमरावती व अकोला जिल्ह्यांत शासनाने केलेल्या प्रयत्नांची ही नोंद आहे.

अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, पण ते खासगी. या दोन जिल्ह्यांतले पहिले शासकीय महाविद्यालय अकोल्यात २००२ मध्ये निघाले आणि तिथले ‘सर्वोपचार’ शिक्षणाचे रुग्णालय झाले. विभागाचे मुख्यालय असूनही अमरावतीत शासकीय महाविद्यालय यायला २०२४ उजाडावे लागले. तिथल्या ‘इर्विन’ (जिल्हा सामान्य रुग्णालय) आणि ‘डफरीन’ला (जिल्हा स्त्री रुग्णालय) रुग्णांची वाण कधीच नव्हती, त्यामुळे हा उशीर समर्थनीय नाही.

डॉक्टर टिकवण्याचे उपाय तीन. एमबीबीएसनंतरचा एक वर्षाच्या शासकीय सेवेचा बॉण्ड सर्वांत जुना आणि सर्वांत दुबळा: मुदत संपली की डॉक्टर जातो. २०२१ च्या तुकडीपासून जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. २०२३ च्या नियमांनी त्यासाठी ५० खाटांची रुग्णालयेही पात्र ठरवली. खरा भरवशाचा उपाय तिसरा. शासकीय सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी राज्याने २०२२ मध्ये पदव्युत्तर जागांपैकी २० टक्के राखल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षे काढलेल्या अधिकाऱ्याला गावे, रस्ते आणि माणसे आधीच ठाऊक असतात. याउलट, वैद्यकीय प्रवेशांत विदर्भातल्या ७० टक्के जागा विदर्भाच्याच विद्यार्थ्यांना देणारे ७०:३० सूत्र २०२० मध्ये रद्द झाले आणि स्थानिक मुलांचा एक आधार गेला.

या सर्वांची कसोटी अमरावती जिल्ह्यातल्या डोंगराळ मेळघाटात लागते. तिथल्या धारणीहून अवघडलेल्या गर्भवतीला अमरावती गाठायला परतवाड्यामार्गे घाट उतरून सुमारे दीडशे किलोमीटर जावे लागते. बाहेरचे बालरोग व स्त्रीरोगतज्ज्ञ तिथे पाळीपाळीने पाठवले जातात. ओळख होईतो पाळी संपते. बैरागडला रवींद्र व स्मिता कोल्हे हे डॉक्टर दांपत्य दशकानुदशके राहिले (पद्मश्री, २०१९), पण शासनाची व्यवस्था अशा एखाद्या निष्ठेवर उभी राहू शकत नाही. अमरावतीच्या नव्या महाविद्यालयात स्त्रीरोग, बालरोग आणि भूलशास्त्राच्या पदव्युत्तर जागा सर्वांत आधी हव्यात आणि त्यांच्या निवासींची तीन महिन्यांची जिल्हा फेरी धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हायला हवी.