व्हिएन्नाचीं दोन दालनें

वैद्यकाच्या इतिहासांत एखाद्या शोधाचा मान बहुधा एकाच पुरुषास मिळतो. सूतिकाज्वरावरील विजयाचा मान इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरास देतात, व तो अयोग्य आहे असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या सिद्धांताचा पुरावा ज्या आंकड्यांवर उभा आहे, त्यांतील एक रकाना डॉक्टरांच्या नव्हे तर सुइणींच्या कामाचा आहे, या गोष्टीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तें जावें, एवढ्यासाठींच ही हकीकत येथें सांगावयाची आहे.

व्हिएन्ना येथील मोठें सार्वजनिक रुग्णालय सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं उघडलें. तेथील प्रसूतिगृहाचीं दोन दालनें होतीं. १८४० सालच्या राजाज्ञेनें पहिलें दालन वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस व दुसरें सुइणींच्या शिक्षणास नेमून देण्यांत आलें. स्त्रियांस दाखल करून घेण्याचे दिवस दोन्ही दालनांत आळीपाळीनें ठरलेले असत. म्हणजे एखादी बाई कोणत्या दालनांत जाईल, हें तिच्या प्रकृतीवर किंवा ऐपतीवर नव्हे, तर वारावर अवलंबून असे. शास्त्रज्ञांनीं मुद्दाम योजूनही याहून निर्दोष तुलना क्वचितच जमली असती.

१८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या दालनांत २०,०४२ बाळंतपणें झालीं व १,९८९ स्त्रिया दगावल्या. दुसऱ्यांत १७,७९१ बाळंतपणें झालीं व ६९१ दगावल्या. एकीकडे शेंकडा दहा, दुसरीकडे शेंकडा चारांच्याही आंत! जेथें विद्येचा भरणा अधिक, तेथेंच मरण अधिक. शहरांतील गोरगरीब बायकांना हा भेद पक्का ठाऊक होता. पहिल्या दालनाच्या वारीं येऊन पोंचलेल्या कित्येकजणी गुडघे टेकून परत जाऊं देण्याची विनवणी करीत.

विद्वानांची उत्तरें मात्र ठरलेलीं होतीं. रोग हवेंतून येतो म्हणावें, तर दोन्ही दालनांची हवा एकच होती. गर्दीमुळें होतो म्हणावें, तर गर्दी दुसऱ्या दालनांतच अधिक असे. १८४६ सालीं सहायक म्हणून रुजू झालेल्या सेमेलवाइसनें दोन दालनांमधील एकेक भेद घेऊन तो काढून पाहिला. सुइणी स्त्रीस कुशीवर निजवीत, म्हणून त्यानेंही तसें करविलें. मरणासन्न स्त्रियांकडे जाणाऱ्या पाद्र्याची घंटा बंद करविली. मरण हटलें नाहीं. १८४७ च्या मार्चमध्यें त्याचा मित्र प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळीं विद्यार्थ्याची सुरी बोटास लागून वारला, आणि त्याच्या देहांत आढळलेल्या विकृति बाळंतिणींच्या देहांतील विकृतींसारख्याच निघाल्या. तेव्हां उलगडा झाला. विद्यार्थी शवागारांतून थेट बाळंतिणीकडे येत; सुइणींना शवविच्छेदन शिकवीत नसत. मे महिन्याच्या मध्यास क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम सुरू झाला. एप्रिलांत शेंकडा अठरांवर गेलेलें मृत्यूंचें प्रमाण जुलैंत शेंकडा दीडाच्याही खालीं उतरलें. १८४८ सालीं पहिल्या दालनांत ३,५५६ बाळंतपणांत ४५, तर दुसऱ्यांत ३,२१९ बाळंतपणांत ४३ मृत्यू झाले. डॉक्टर अखेर सुइणीइतका निरुपद्रवी झाला होता.

हें वाक्य जितकें सरळ, तितकेंच त्या काळच्या प्राध्यापकांस झोंबणारें होतें. ज्या शवविच्छेदनाच्या जोरावर व्हिएन्नाचें वैद्यक युरोपांत अग्रेसर ठरलें, त्याच विद्येच्या हातांनीं मृत्यू वाहून नेला, हें कबूल करणें म्हणजे शेंकडों मरणांचा दोष आपल्या माथीं घेणें होतें. रोकितान्स्की, श्कोडा व हेब्रा यांनीं सेमेलवाइसचा पक्ष घेतला. त्याचा वरिष्ठ क्लाइन यानें घेतला नाहीं, व १८४९ सालीं त्याची नेमणूक संपली. त्याचाही दोष सांगितला पाहिजे: त्यानें आपला ग्रंथ १८६१ पर्यंत लांबविला, आणि नंतर विरोधकांस खुनी म्हणणारीं उघड पत्रें लिहून मित्रही दुखविले. १३ ऑगस्ट १८६५ रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळांत तो वारला. दोन वर्षांनीं लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध झाले. १८७९ सालीं पाश्चरनें सूतिकाज्वराचे जंतू दाखविले.

कोणत्याही व्यवसायास आपल्या हातून होणारी हानि स्वतःच्या दालनांत बसून दिसत नाहीं. शेजारच्या, कमी प्रतिष्ठेच्या मानलेल्या व्यवसायाची नोंदवही उघडावी लागते. ती नोंदवही व्हिएन्नांत सहा वर्षें उघडीच पडली होती. तिच्यांतील भेद नजरेस येऊनही त्याचें कारण सुइणींच्या कामांत शोधावें, असें कोणास वाटलें नव्हतें. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठास १९६९ पासून सेमेलवाइसचें नांव आहे. दुसऱ्या दालनांतील सुइणींपैकीं एकीचेंही नांव वैद्यकाच्या इतिहासांत सहसा आढळत नाहीं.