टँडेमवरचे जोडपे: फ्रान्समधील पगारी रजेची हकिगत

१/
मार्च १९४२. जर्मन सैन्याने फ्रान्स पादाक्रांत केल्याला दोन वर्षे होत आली होती. रियों या मध्य फ्रान्समधील लहान शहरात एक खटला चालू होता आणि आरोपींमध्ये माजी पंतप्रधान लेओं ब्लूम होते. देशाचे संरक्षण दुबळे केल्याचा ठपका त्यांच्यावर होता. आपल्या बचावात त्यांनी टँडेम सायकलवरून जाणाऱ्या कामगार जोडप्यांचा उल्लेख केला. त्या उल्लेखामागचा हा इतिहास. #इतिहास #धागा

२/
टँडेम म्हणजे दोघांची सायकल. एकामागे एक अशा दोन बैठका, पेडलच्या दोन जोड्या आणि दोघांचे पाय एकाच लयीत फिरवणारी चेन. दिशा पुढच्याच्या हाती. मागच्याचे हँडल केवळ धरण्यापुरते. बळ दोघांचे लागते, पण समोरचा वारा एकाच माणसाला लागावा त्याहून फारसा अधिक अडवत नाही. त्यामुळे सपाटीवर आणि उतारावर टँडेम वेगाने धावते. चढावर मात्र हा लाभ उरत नाही.

३/
सायकलवरून जोडीने भ्रमंती करण्याची हौस फ्रान्समध्ये जुनीच. १८९५च्या जुलैमध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांचा विवाह झाला, तेव्हा भेटीदाखल मिळालेल्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरूनच मधुचंद्राचा प्रवास केला. मात्र अशा भ्रमंतीला सायकलीइतकीच मोकळ्या दिवसांचीही गरज असते, आणि ते दिवस सर्वांच्या वाट्याला येत नव्हते.

४/
१९३०च्या दशकात फ्रान्समध्ये सत्तर लाखांहून अधिक सायकली होत्या. कामगाराच्या घरी सायकल होती, पण तिचा रस्ता बहुधा कारखान्याच्या फाटकापाशी संपे. सरकारी नोकरांना पगारी रजेची सवलत १८५३पासून होती. बहुसंख्य कामगारांसाठी मात्र रविवार सोडून घरी बसणे म्हणजे मजुरी बुडणे. आठवडाभराच्या सहलीची कल्पना त्यांना परवडणारी नव्हती.

५/
मे १९३६मध्ये डाव्या पक्षांच्या लोकआघाडीने निवडणूक जिंकली. नवे सरकार सूत्रे हाती घेण्यापूर्वीच देशभर संपाची लाट उसळली. सुमारे वीस लाख कामगार संपात उतरले आणि हजारो कारखान्यांत ते यंत्रांशेजारीच मुक्काम ठोकून राहिले. थांबलेल्या यंत्रांमध्ये अॅकॉर्डियन वाजू लागले, नाच रंगले. ४ जूनला ब्लूम पंतप्रधान झाले.

६/
७ जूनच्या रात्री मातिन्यों प्रासादात मालक, कामगार संघटना आणि सरकार यांच्यात करार झाला. मजुरीत ७ ते १५ टक्के वाढ मान्य झाली. पगारी रजेचा मुद्दा या करारात नव्हता, आघाडीच्या निवडणूक कार्यक्रमातही नव्हता. तरीही २० जूनला तिचा कायदा झाला. लोकप्रतिनिधींच्या सभागृहात त्याला जवळजवळ एकमताने पाठिंबा मिळाला. दुसऱ्याच दिवशी ४० तासांच्या आठवड्याचा कायदा आला.

७/
एक वर्ष नोकरी झालेल्या प्रत्येक कामगाराला १५ दिवसांची रजा, त्यांत कामाचे १२ दिवस, आणि तीही भरपगारी. रजा आता मालकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. पण कायद्याने दिवस दिले तरी प्रवासाचा खर्च, मुक्कामाची जागा आणि घराबाहेर पडण्याची सवय कोठून यावी?

८/
हा प्रश्न लेओ लाग्रांज या पस्तीस वर्षांच्या उपमंत्र्याकडे आला. क्रीडा आणि फावला वेळ हे त्याचे खाते. रेल्वे कंपन्यांशी बोलणी करून त्याने कामगारांना ४० टक्के सवलतीचे तिकीट मिळवून दिले. त्या पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी ते वापरले. कित्येकांनी समुद्र आयुष्यात प्रथमच पाहिला. विरोधी वृत्तपत्रांनी लाग्रांजला ‘आळसाचा मंत्री’ अशी पदवी बहाल केली.

९/
रेल्वेचे भाडेही जड वाटणाऱ्या तरुणांसाठी सायकल होती आणि जोडप्यांसाठी टँडेम. स्वस्त मुक्कामाची सोय यूथ होस्टेलांनी केली. ही कल्पना १९०९मध्ये जर्मन शिक्षक रिशार्ड शिर्मान यांना सुचली होती. फ्रान्समध्ये ती १९२९मध्ये मार्क सांनिये यांनी रुजवली. तेथे मुलामुलींच्या खोल्या वेगळ्या, पण चूल, गाणी आणि सफाईची कामे सामायिक. अनोळखी माणसेही एकमेकांना ‘तू’ म्हणत.

१०/
अशा समूहात टँडेमची चाल निराळी असे. सपाटीवर ती पुढे, उतारावर तर फारच पुढे. चढ लागला की एकेकटे सायकलस्वार तिला मागे टाकत. दोन माणसांचे आणि सामानाचे ओझे पेलण्यासाठी चाके भक्कम लागत, आणि घाटात साध्या ब्रेकवर भागत नसल्याने जादा ड्रम ब्रेक बसवला जाई. आठवडाभर एकत्र राहायचे तर कोणीतरी घाटमाथ्यावर थांबावे लागे, कोणीतरी पायथ्याशी.

११/
बहुतेक छायाचित्रांत टँडेमवर पुढे पुरुष आहे आणि मागे स्त्री. पेडल दोघांचे, दिशा एकाची. त्या वेळच्या फ्रान्सचेच ते चित्र म्हणता येईल. ब्लूम यांनी तीन स्त्रियांना उपमंत्री केले. मारी आणि पिएर यांची कन्या इरीन जोलिओ-क्यूरी ही त्यांतली एक. परंतु फ्रेंच स्त्रीला मताधिकार मिळाला तो १९४४मध्ये. पगारी रजा मात्र कामगार स्त्रीला पुरुषाइतकीच मिळाली.

१२/
या चित्राला मर्यादाही आहेत. १९३६च्या उन्हाळ्यात बहुसंख्य कामगार दूर कोठे गेलेच नाहीत. कोणी गावाकडे नातलगांना भेटले, कोणी नदीकाठी गळ टाकून बसले, कोणी घराची डागडुजी केली. समुद्रकिनाऱ्यावरच्या जुन्या श्रीमंत पाहुण्यांनी नव्यांना ‘पगारी रजावाले’ म्हणून हिणवले. तरीही लोकांच्या स्मरणात राहिली ती टँडेमच, कारण तिच्यावर कामगार प्रथमच कामाशिवाय रस्त्यावर दिसत होता.

१३/
१९४०मध्ये फ्रान्स पडला. पराभवाचे खापर विशी राजवटीने या रजेवर आणि ४० तासांच्या आठवड्यावर फोडले: लोक ऐषारामात रमले, म्हणून देश हरला. प्रत्यक्षात सप्टेंबर १९३६मध्ये १४ अब्ज फ्रँकचा शस्त्रसज्जता कार्यक्रम ब्लूम सरकारनेच मंजूर केला होता. आणि ज्याला आळसाचा मंत्री म्हटले, तो लाग्रांज ९ जून १९४० रोजी आघाडीवर लढताना मारला गेला होता.

१४/
रियोंच्या न्यायालयात ब्लूम यांनी शस्त्रास्त्रांचे आकडे मांडलेच. त्यासोबत त्यांनी एक आठवणही सांगितली. पंतप्रधान असताना ते कार्यालयाबाहेर क्वचितच पडत; पण पडले की पॅरिसच्या उपनगरांतील रस्त्यांवर जुनाट मोटारी, मोटारसायकली आणि सारखे स्वेटर घातलेली टँडेमवरची जोडपी दिसत. काबाडकष्टाच्या, अंधाऱ्या आयुष्यांत आपण थोडा उजेड आणला, असे तेव्हा वाटे, असे ते म्हणाले. त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली नाही.

१५/
खटला राजवटीच्याच अंगाशी येऊ लागला, तेव्हा एप्रिल १९४२मध्ये तो निकालाविना थांबवण्यात आला. पुढच्या वर्षी ब्लूम यांची रवानगी जर्मनीतील बुखेनवाल्डला झाली. तेथून ते जिवंत परतले. त्यांनी दिलेली रजाही टिकली आणि वाढली: १९५६मध्ये तिसरा आठवडा, १९६९मध्ये चौथा, १९८२मध्ये पाचवा.

१६/
फ्रेंच कायद्यानंतर चारच दिवसांनी, २४ जून १९३६ रोजी, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही पगारी रजेचा करार स्वीकारला. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे साप्ताहिक सुट्टी १८९०मध्येच मिळाली होती. भरपगारी वार्षिक रजा मात्र १९४५च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आली: वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवस. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आज रजेचा अर्ज भरताना कोणाला रियोंचे न्यायालय आठवत नाही. पण त्या अर्जावरचे ‘भरपगारी’ हे अक्षर न् अक्षर कोणीतरी भांडून मिळवलेले आहे. #इतिहास