समर ऑफ कोड : कमिट म्हणजे कामाची रोजकीर्द

गुगलचा ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ पासून सुरू आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या नवोदितांना यात एखाद्या ओपन सोर्स संस्थेच्या सॉफ्टवेअरवर मेंटॉरच्या मार्गदर्शनाखाली काम करता येते. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही राहिलेली नाही. काम घरूनच होते, त्यामुळे बेळगाव, फोंडा, इंदूर किंवा वडोदऱ्याहूनही भाग घेता येतो. मानधन मात्र मेंटॉरच्या मूल्यमापनात पास झाल्यावरच मिळते. मेंटॉर बहुधा दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात असतो. तुम्ही रात्री किती जागलात हे त्याला दिसत नाही, दिसतात ते कमिट.

रेपॉझिटरी आणि कमिट

रेपॉझिटरी म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फायली आणि त्यांतल्या बदलांचा इतिहास. हा इतिहास बहुतेक ठिकाणी ‘गिट’ सांभाळते. लिनस टोरवाल्ड्स यांनी तेही २००५ मध्येच तयार केले. कमिट म्हणजे त्या वहीतली एक नोंद : कोणी, कधी, काय बदलले आणि का.

कच्ची वही, पक्की वही

नवख्याला मूळ रेपॉझिटरीत थेट लिहिता येत नाही. आधी तिची स्वतःच्या खात्यात प्रत घ्यायची, म्हणजे फोर्क. त्यात प्रत्येक कामासाठी वेगळी ब्रँच काढायची. ही झाली कच्ची वही. काम तयार झाले की पुल रिक्वेस्ट पाठवायची. मेंटॉर तपासतो, दुरुस्त्या सुचवतो आणि मान्य झाले की काम मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे पक्क्या वहीत जाते.

कच्च्या वहीत रिबेस करून नोंदी नीट लावता येतात. पक्क्या वहीत खाडाखोड चालत नाही. तिथे चूक निघाली तर ‘रिव्हर्ट’ करून उलट नोंद घालतात.

हे पाळा

• एका कमिटमध्ये एकच बदल. दोष दुरुस्त केला आणि फाइलची मांडणीही बदलली, तर दोन कमिट करा.
• संदेशाची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत. ‘फिक्स’ एवढेच लिहून भागत नाही. बदल का केला ते खाली लिहा.
• गिटमधले नाव आणि ईमेल आधीच तपासा. खात्याला न जोडलेला ईमेल असेल तर काम तुमच्या प्रोफाइलवर दिसणार नाही.
• पासवर्ड किंवा गुप्त की कमिटमध्ये जाऊ देऊ नका. फाइल पुसली तरी ती इतिहासात राहते. गेलीच तर की लगेच बदला.
• रोजचे काम रोज पुश करा. लॅपटॉप बंद पडला तर पुश केलेलेच हाती राहते.
• संस्थेचे नियम आधी वाचा. काही प्रकल्पांत, उदाहरणार्थ लिनक्स कर्नलमध्ये, प्रत्येक कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते.

शेवटच्या आठवड्यात

अखेरीस झालेल्या कामाची एक लिंक द्यावी लागते. काय केले, काय मुख्य ब्रँचमध्ये गेले आणि काय बाकी आहे, हे तिथे स्पष्ट दिसायला हवे. बाकी असलेले काम लपवू नये. पुढे येणारा नवखा तिथूनच सुरुवात करतो. महिनाभराचे काम शेवटच्या रात्री एकाच भल्यामोठ्या कमिटमध्ये टाकले, तर मेंटॉरला ते धड तपासताही येत नाही. कमिट नियमित असतील, तर हा अहवाल त्यांच्यावरूनच तासाभरात तयार होतो.