वंशावळीत नसलेल्या आज्या

घराण्याचा कुलवृत्तांत जुळवावा, असे आमच्या घरी ठरले आणि जुनी कागदपत्रे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. वंशावळ पुढ्यात घेतली. सात पिढ्यांचे पुरुष नावनिशीवार हजर. स्त्री मात्र एकही नाही! जणू वंश चालला तो केवळ बापलेकांच्या जोरावर. तेव्हाच मनाशी म्हटले, आपण आज्या शोधायच्या.

प्रथम गेले ती तीर्थोपाध्यायांकडे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांनी यजमानांच्या वह्या गाव व आडनाव यांनुसार जपल्या आहेत. कोण कोणाचा पुत्र, यात्रेस केव्हा आला, हे तेथे कळते. पणजेसासऱ्यांची मोडी सही पाहून ऊर भरून आला; परंतु पणजेसासूबाई भेटल्या नाहीत. घरात त्यांना सारे 'मोठ्या काकू' म्हणत, एवढेच म्हाताऱ्यांच्या आठवणीत होते.

त्या भेटल्या मिळकतीच्या कागदांत. मुंबईत १८६२ साली हायकोर्ट स्थापन झाले. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने शहरातील हिंदूंचे मृत्युपत्र लेखी, सहीचे व दोन साक्षीदारांचे असावे लागे. ते कोर्टात शाबीत करून मिळणारा दाखला म्हणजे प्रोबेट. १८८१ च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने सहा महिन्यांत मिळकतीची यादी व वर्षात हिशेब कोर्टाला द्यावयाचा असे. मुंबईबाहेर १८२७ च्या रेग्युलेशनखाली वारसाचा दाखला मिळे. इनामदारांच्या घराण्यांची माहिती १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतींत सापडते.

आमचे पणजेसासरे गिरगावात राहत. त्यांच्या मृत्युपत्राची नक्कल घरच्याच पेटीत, भाडेपावत्यांखाली निघाली. त्यात 'माझे कुटुंब' या शब्दांपुढे मोठ्या काकूंचे नाव स्वच्छ लिहिलेले! त्यांना हयातीपर्यंत अन्नवस्त्र, राहण्यास मागील खोली, आणि पाटल्या व नथ ही 'तिचीच, तीवर कोणाचा हक्क नाही'. साक्षीदारांत त्यांचे बंधू होते. त्यांच्या आडनावावरून माहेरही कळले.

वंशावळीने गाळलेले नाव कोर्टाच्या कागदात का आले? कारण उघड आहे. वंश मोजताना तिची गरज वाटली नाही. पण मिळकत वाटताना तिला खोली व जेवण देणे भाग होते. विधवेचा हक्क तेव्हा हयातीपुरताच असे. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण पुनर्विवाह करणारीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क सर्वसाधारणपणे जाई. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंच्या आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करताना पहिल्या पतीची मिळकत लेकीच्या नावे केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा मिळाला, तोही मर्यादितच. पूर्ण मालकी यावयास १९५६ साल उजाडावे लागले.

म्हणून मृत्युपत्र वाचताना मला अभिमान वाटला, तसे वाईटही वाटले. एका बाईचा सारा संसार एका खोलीत व दोन दागिन्यांत मावला होता. आणि तेवढे कागदावर आले म्हणूनच तिचे नाव उरले.

मंडळातील भगिनींना माझी एक विनंती आहे. घर आवरताना जुनी वाटणीपत्रे, मृत्युपत्रे, खर्चाच्या वह्या रद्दीत घालू नका. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. आणि घरात वडीलधाऱ्या बायका आहेत तोवर त्यांच्या सासूबाईंचे, आजेसासूबाईंचे सासरचे नाव, माहेरचे नाव व गाव विचारून लिहून ठेवा. हे काम एका दुपारी होते. ती दुपार निघून गेली, तर पुढे कोणतेही कोर्ट ते सांगू शकणार नाही.

आमच्या वंशावळीत आता प्रत्येक पुरुषाच्या शेजारी एक जागा राखली आहे. चार भरल्या; तीन अजून रिकाम्या आहेत. शोध चालू आहे.