समुद्रांतील विषान्न आणि इतिहासाची साक्ष

वर्धा जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु समुद्राची मासळी येथें येते. पूर्वीं ती सुकट-बोंबिलांच्या रूपानें येई, हल्लीं बर्फाच्या पेट्यांतून ताजीहि येते. अशा वेळीं आपण काय खात आहोंत हें कोणास विचारावें? इतिहासांतील दोन प्रसंग आम्हांस या बाबतींत बोधप्रद वाटतात.

पहिला प्रसंग सप्टेंबर १७७४ मधील. कॅप्टन कुकचें जहाज न्यू कॅलिडोनिया बेटापाशीं असतां त्याच्या कारकुनानें तेथील रहिवाशांकडून एक मासा विकत घेतला. फोर्स्टर पितापुत्र हे निसर्गशास्त्रज्ञ त्याचें चित्र व वर्णन करण्यांत गुंतल्यामुळें उशीर झाला, आणि केवळ यकृत व गाभोळीच शिजविली गेली. कुक व फोर्स्टर या तिघांनीं ती नुसती चाखली. पहाटे त्यांच्या हातापायांतील त्राण गेलें; पाण्यानें भरलेलें भांडें आणि पीस यांच्या वजनांतील भेदहि कुकला कळेना. त्या माशाचीं आंतडीं खाल्लेलें डुक्कर सकाळीं मेलेलें आढळलें. पुढें टांगलेला मासा पाहतांच बेटावरील लोकांनीं तो खाऊं नये असें खुणांनीं बजावलें. पण विकतांना कोणीहि तसें सुचविलें नव्हतें! कोंकणांत ज्यास केंड म्हणतात त्या फुगणाऱ्या माशांच्या कुळांतला तो होता. त्याचें विष शिजवूनहि जात नाहीं.

तर मग किनाऱ्यावरच्या माणसास विचारावें, म्हणजे झालें? दुसरा प्रसंग तसें म्हणूं देत नाहीं. १९८३ सालीं मंगळूरच्या दक्षिणेस, केरळांतील कुंबळे येथें, खाडींतील शिंपले खाऊन लोक आजारी पडले व एक मृत्यूहि झाला. शिंपला मूळचा विषारी नसतो. पाण्यांत विषारी सूक्ष्म शैवाल माजलें म्हणजे तें गाळून खातांना त्याच्या अंगीं विष सांचतें. चव किंवा वास यांवरून तें ओळखतां येत नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोकडे १९२७ त याच प्रकारें १०२ जण आजारी पडून ६ दगावले, तेव्हां सोमर व मायर यांनीं शोध आरंभिला आणि १९३७ त या कारणाचा उलगडा प्रसिद्ध केला.

पहिल्या प्रसंगीं ज्ञान होतें, पण सौद्याच्या वेळीं तें बोललें गेलें नाहीं. दुसऱ्या प्रसंगीं अनुभवच अपुरा पडला, तेथें पाण्याची व शिंपल्यांची वेळोवेळीं तपासणीच हवी होती. वर्धेचें गिऱ्हाईक मासळीचा भाव विचारतें. तिचें नांव व किनारा क्वचितच विचारतें. तो प्रश्न विचारण्याची संवय आम्हीं लावून घ्यावी, आणि बंदरावरील तपासणीचा आग्रहहि धरावा. समुद्र दूर आहे, एवढ्यानेंच त्याचें विष दूर राहत नाहीं.